यंत्र जागे होईना

गेल्या श्रावणात आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीचे एकदाचे ठरले आणि बिऱ्हाडे हलवण्याची तारीख दाराशी येऊन ठेपली. गिरगावातल्या दोन खोल्यांत तीन पिढ्यांनी साठवलेला संसार आवरायचा म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. पोटमाळ्यावरून पितळी पिंप उतरले, पाटा-वरवंटा उतरला, जुन्या आकाशकंदिलांचे सांगाडे उतरले, आणि सर्वांत शेवटी, चादरीत गुंडाळलेला दादांचा संगणक उतरला. दादा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. तेव्हापासून ती चादर कोणी सोडली नव्हती. भंगारवाला दारातच उभा होता. त्याने पेटी हाताने तोलून पाहिली आणि किलोच्या हिशेबाने भाव सांगितला. मी म्हटले, "हे नाही द्यायचं."

न देण्याला कारण होते. दादांनी उभी हयात गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात काढली. ज्या मुलखात जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्याला घाटदार रूप दिले, त्याच मुलखात. केसमधल्या शेकडो घरांतून न पाहता नेमका खिळा उचलणारी त्यांची बोटे आम्ही लहानपणी तोंडात बोट घालून पाहत असू. पुढे ऑफसेट आला, पाठोपाठ संगणकावरची अक्षरजुळणी आली, आणि शिशाचे खिळे वितळवून वजनावर विकले गेले. संगणकाविरुद्ध विमा आणि बँकांमधल्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, करार केले, मुदती मागून घेतल्या; छापखान्यातल्या मंडळींना मोर्चा काढण्याइतकीही उसंत मिळाली नाही. दादांचा त्या यंत्रावर राग होता, आणि तो गैरवाजवी होता असे मला आजही वाटत नाही.

पण गंमत पाहा. साठी उलटल्यावर ह्याच गृहस्थांनी दादरच्या एका क्लासात नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून पेजमेकर शिकून घेतले, २००२ साली हप्त्याने संगणक घेतला आणि छापखान्याच्या आठवणी स्वतःच पानांत बसवायला सुरुवात केली. "लिहितो आहे" असे ते कधी म्हणाले नाहीत. "जुळवतो आहे" म्हणत. दोनशेच्या वर पाने झाली होती, एवढे ऐकून माहीत. कागदावर त्यातले एकही उतरलेले नव्हते.

मी पेटी टेबलावर ठेवली, तार जोडली आणि बटण दाबले. काही नाही. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही, आणि यंत्र जागे झाल्याची खूण म्हणून जो एकच टुक् असा आवाज येत असे, तोही नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, आतली डिस्क तेवढी काढून घेऊ. बाकीचं देऊन टाका." सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. जे यंत्र मुळी उठतच नाही, त्याची डिस्क बहुधा शाबूत असते. ती चाळीस टाचण्यांच्या रुंद पट्टीने जोडलेली, जुन्या घाटाची. तरी तिला आजच्या संगणकाशी जोडणारा दुवा बाजारात मिळतो. पण अडचण पुढची होती. पाने पेजमेकरची, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती निघाली २००१ साली. अक्षरे त्या काळच्या मराठी फाँटांतली. त्या काळी प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीने मराठी अक्षरे बसवली होती; तो फाँट नसला की 'गिरगाव' ह्या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि टक्क्याची चिन्हे यांचा काला दिसतो. शिवाय ते मराठी सॉफ्टवेअर चालायचे तर यंत्राच्या पाठीमागे, प्रिंटरच्या खोबणीत, आगपेटीएवढा एक ठोकळा बसवलेला लागे. त्याला कुलूप म्हणत. ते कुलूप, तो फाँट, तो पेजमेकर हे सारे ह्या एकाच पेटीत एकत्र नांदत होते. डिस्क काढली असती तर पाने आली असती. अक्षरे उठली नसती. पुढे फाँट शोधून, रूपांतर करून काही हाती लागलेही असते, नाही असे नाही. पण दादांनी ज्या मापाने ओळ बसवली ती ओळ पाहायची, तर यंत्रच उठायला हवे होते.

यंत्र न उठणे ही आजची पीडा नव्हे. गणकयंत्राच्या जन्मापासूनची आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला 'एनिॲक' जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हच्या आत एक तार तापवावी लागते, आपल्या जुन्या पिवळ्या दिव्यात असते तशी. आणि पिवळा दिवा केव्हा जातो, हे गृहिणींना विचारा. तो जळता जळता क्वचित जातो; बटण दाबले, एकदम लखकन उजळला आणि गेला, असेच बहुधा होते. थंड तारेचा विरोध कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी तिच्यातून प्रवाहाचा लोंढा जातो आणि कुठे ती झिजलेली असेल तिथे तुटते. व्हॉल्व्हांची तीच गत. म्हणून एनिॲकच्या कर्त्यांनी सरळ ठरवले, की यंत्र बंदच करायचे नाही. ज्याला झोपवले नाही त्याला उठवण्याचा प्रश्न नाही. वीज किती लागली असेल, ते असो.

आता मुंबईत या. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ पासून आर. नरसिंहन ह्यांच्याभोवती तरुणांचा एक लहानसा गट जमला. नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कोणी गणकयंत्र वापरलेले नव्हते. त्यांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र उभे केले, मग मोठे. ते मोठे यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत रुजू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते, म्हणजे जवळजवळ सतरा हजार घटक आणि त्यांचे त्याहून कितीतरी अधिक डाखलेले सांधे. ह्यांतला कोणताही एक रुसला की हिशेब चुकणार. स्मृती होती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द चाळीस अंकांचा. आजच्या मापाने सगळी मिळून दहा किलोबाइट.

टिफ्रॅकचे मला सर्वांत आवडते ते वर्णन त्याच्या कपाटाचे. अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट रुंद असा तो पोलादी सांगाडा, आणि त्याला दोन्ही अंगांनी उघडणारी दारे. दोन्ही अंगांनी! ज्यांनी ते बांधले त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, की हे यंत्र बिघडणार आहे आणि आपल्यालाच आत हात घालायचा आहे. विकत आणलेल्या यंत्राची माणसे पुढच्या बाजूला बसतात. स्वतः बांधलेल्या यंत्राची माणसे मागच्या दाराची सोय आधी करतात. त्या काळी बाहेरदेशी दोष शोधण्याची एक युक्ती निघाली होती. ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या 'व्हर्लविंड' यंत्रावर नावारूपाला आली. यंत्र धडधाकट असतानाच त्याचा दाब मुद्दाम थोडा कमी-जास्त करायचा. जो व्हॉल्व्ह कसाबसा तग धरून असतो तो अशा वेळी मान टाकतो. तो आजच बदलायचा, म्हणजे उद्या ऐन कामात दगा देत नाही. वैद्य जसे बरे वाटत असतानाही जिना चढायला लावून छाती तपासतात, तसेच हे.

१९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस भरले.

इथे एक शंका वाचकांच्या मनात आली असेल, आणि ती फार मूलगामी आहे. संगणक आज्ञा वाचून चालतो. पण आज्ञा वाचण्याची आज्ञा त्याला कोण देतो? उठण्याआधी तो काहीच जाणत नाही. इंग्रजीत ह्याला आपल्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच उचलण्याची उपमा दिली गेली, आणि त्यावरून यंत्र उठण्याला 'बूट होणे' म्हणू लागले. १९४९ साली केंब्रिजच्या 'एडसॅक' यंत्राला उठण्यापुरत्या मोजक्या आज्ञा टेलिफोनखात्यात असतात तसल्या फिरत्या स्विचांवर कायमच्या बसवून दिल्या होत्या. पुढे १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने टेबलावरचा संगणक काढला, तेव्हा त्या आज्ञा एका चिपमध्ये कोरलेल्या आल्या. आणि त्यांच्याबरोबर एक शिस्तही आली, जी आजतागायत चालू आहे. यंत्र उठताच आधी स्वतःची तपासणी करते. स्मृती आहे का? पडद्याची सोय आहे का? कळफलक आहे का? सारे असेल तर एकदा टुक् करते. नसेल तर तक्रारीचे वेगळे आवाज काढते. मगच डिस्ककडे जाते आणि तिच्यावरच्या आज्ञा आत घेते. म्हणजे उठणे ही एक साखळी झाली. भिंतीतली वीज, पेटीतला वीजपुरवठा, मुख्य फळी, प्रोसेसर, स्मृती, पडदा, डिस्क. प्रत्येकाने पुढच्याला उठवायचे. आणि दोष शोधायचा तो ह्याच वाटेने, भिंतीपासून आत. मेंदूच गेला असे धरून जो आधी मेंदूकडे धावतो, तो बहुतेक वेळा पैसे वाया घालवतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळाले नाही. ते लॅमिंग्टन रोडच्या एका आडगल्लीत मिळाले.

लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या नावाचा रस्ता आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे, पण सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस आजही 'लॅमिंग्टनला जातो'. आमच्या लहानपणी तो सिनेमाचा रस्ता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ. 'शोले' मिनर्व्हाला लागला तो वर्षानुवर्षे उतरेना. त्याच रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने होती. १९७२ च्या गांधीजयंतीला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि रेडिओवाले टीव्हीवाले झाले. १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारचे नवे संगणक धोरण आले, आयातीच्या वाटा मोकळ्या होत गेल्या, आणि टीव्हीवाले संगणकवाले झाले. माणसे पुष्कळशी तीच, डाखण्याची बंदूक तीच, आणि शब्दही तेच. आता पुस्तकात ज्याला कपॅसिटर म्हणतात त्याला तिथे अजून 'कंडेन्सर' म्हणतात. तो रेडिओच्या जमान्याचा शब्द आहे.

माझे असे मत आहे, की ह्या बाजाराने मुंबईला दोष शोधण्याची एक निराळी पद्धत दिली. संशोधन संस्थेत दोष मोजून शोधत, मीटर लावून, नकाशा पुढे ठेवून. लॅमिंग्टनला तो बदलून शोधतात. तिथे संगणक बांधूनच विकला जाई, 'असेंबल्ड' म्हणून. फळी एकाची, पेटी दुसऱ्याची, स्मृतिपट्टी तिसऱ्याची. त्यामुळे प्रत्येक भागाचा धडका जोडीदार गल्ल्याखाली पडलेला असतोच. एक भाग काढायचा, खात्रीचा लावायचा, पाहायचे. दोष गेला तर तो भाग दोषी. पण नियम कडक: एका वेळी एकच. दोन भाग एकदम बदलणारा कारागीर यंत्र सुरू करील, पण कशाने झाले ते त्याला कळणार नाही. आणि गिऱ्हाइकाला दोन्हींचे पैसे पडतील. नियम कडक म्हटले, पण सगळेच पाळतात असे नाही. पूर्वी एका ठिकाणी आमच्याकडून न लागणाऱ्या फळीचे पैसे घेतले गेले होते. ते दुकान कोणते हे सांगण्यात आता हशील नाही.

ह्या वेळी ज्याच्याकडे गेलो तो लालबागचा. वडील गिरणीत फिटर. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. मुलाने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला आणि हात काळे करण्याचा घरचा धंदा दुसऱ्या रूपात चालू ठेवला. गाळा एवढासा, की गिऱ्हाईक आत आले तर पेटी बाहेर ठेवावी लागावी. त्याने पेटीला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारला.

"काका, हा चालता चालता बंद पडला, की बंद करून ठेवलेला उठत नाही?"

"बंद करून ठेवला होता. नीट. बारा वर्षांपूर्वी."

"मग घाबरू नका. चालता चालता गेला असता तर मी घाबरलो असतो. हा झोपेत अडकलाय."

मला वाटते, सगळ्या तपासाचा पाया ह्या एका प्रश्नात आहे. चालत्या यंत्राचे मरण म्हणजे काही जळले, तुटले, शिणले. झोपलेल्याचे न उठणे म्हणजे बहुधा काही सुकले, गंजले, उतरले. पहिल्यात नुकसान असते, दुसऱ्यात नुसता काळ. आणि मुंबईचा काळ म्हणजे दमट काळ. चार महिने पावसाळा, बारा महिने समुद्राचा खारा वारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला अवघा ७३. आम्ही गिरगावकर त्या दिवशी तुलनेने कोरडे राहिलो. पण कोरडे म्हणजे किती कोरडे? कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे पोटमाळ्यावरच्या तांब्याचे काय! त्याच्या बोलण्यात आले म्हणून सांगतो, की पाण्यात भिजलेल्या यंत्राचे मरण पाण्याने कमी आणि घाईने जास्त होते. सकाळी पाणी ओसरते आणि माणूस चालते का बघायला बटण दाबतो. हिंदमाताच्या सखल भागातून आलेल्या पेट्या तो आधी चांगल्या सुकवायला ठेवतो, मगच वीज दाखवतो.

मग तपास सुरू झाला, आणि तो भिंतीपासून सुरू झाला. "घरच्या सॉकेटला दुसरं काही लावून पाहिलंत?" पाहिले नव्हते. इस्त्री लावून पाहिली असती तरी पुरले असते. पेटीच्या पाठीमागे वीजपुरवठ्याचे स्वतःचे एक छोटे बटण असते, ते कुणी आवरताना दाबले का? नव्हते. त्याच्याजवळ एक लाल सरकती खूण असते, २३० आणि ११५ अशी. ती ११५ वर सरकलेली असताना आपल्याकडची वीज जोडली तर फटाका वाजतो. ती जागेवर होती. तार बदलून पाहिली. नाही.

ह्या ओघात एक जुने कोडे उलगडले ते सांगून टाकतो. आमच्या घरी त्या पेटीच्या पत्र्याला ओल्या हाताने स्पर्श केला की झिणझिण्या येत, आणि दादा म्हणत, "ह्याला माझा स्पर्श रुचत नाही." कारण असे, की वीजपुरवठ्याच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळण्यासाठी दोन बारीक कंडेन्सर बसवलेले असतात, त्यांचे एकेक टोक विजेच्या दोन तारांना आणि उरलेले टोक पत्र्याला. पत्रा जमिनीशी जोडलेला असेल तर तो गळका प्रवाह मुकाट जमिनीत जातो. जुन्या चाळींतून तीन भोकांचे सॉकेट असते खरे, पण तिसऱ्या भोकामागे तार कित्येकदा नसतेच. मग पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या निम्म्या दाबावर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर भागते. तरी तिसरी तार हवीच. घरात संगणक असेल तर हे एकदा तपासून घ्या.

आता पेटीतला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस. त्याने पेटीची कड उघडली, मुख्य फळीकडे जाणारा वीस टाचण्यांचा जाड जुडगा सोडवला आणि त्यातली हिरवी आणि काळी तार वाकवलेल्या कागदी क्लिपेने जोडली. हीच ती नाडीपरीक्षा. हिरवी तार म्हणजे 'ऊठ' अशी हाक. ती काळ्या तारेला टेकवली, की फळी मध्ये नसतानाही धडका वीजपुरवठा उठतो आणि त्याचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. त्याने गल्ल्याखालचा एक खात्रीचा वीजपुरवठा काढून त्यावर तेच केले; तो लगेच फिरला. म्हणजे पहिला दोषी सापडला. आतले कंडेन्सर बारा वर्षांत सुकून गेले होते. त्यांच्यात कागदात भिजवलेला एक द्रव असतो. तो आटला की कंडेन्सर नावापुरता उरतो.

"उघडून दुरुस्त नाही करत?" मी विचारले. छापखान्यात वाढलेल्या माणसाला टाकून देणे जड जाते.

"करता येतो. पण घरी कोणी उघडू नका. तार काढल्यावरही आत सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात." २३० चे सव्वातीनशे कसे होतात? उलटसुलट वाहणारी वीज सरळ करून साठवली, की ती आपल्या शिखराइतकी साठते, आणि शिखर ह्या २३० च्या १.४१ पट असते. हिशेब बरोबर जुळतो.

नवा वीजपुरवठा लावला. बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला! मी खुर्चीवरून उठलो. तो मात्र बसूनच होता. पडदा काळाच होता. त्याचाच सपाट पडदा आम्ही जोडला होता. पंधरा टाचण्यांची ती जोडणी १९८७ पासूनची, म्हणून जुन्या पेटीला बिनतक्रार बसली. आणि पेटीतून आवाज येऊ लागला: लांब टूऽऽ, थांबून पुन्हा टूऽऽ, पुन्हा टूऽऽ. मला ते रडणे वाटले. तो म्हणाला, "बोलतोय, ऐका. स्मृती सापडत नाही म्हणतोय." १९८१ ची ती शिस्त तीच ही. मुकेपणापेक्षा तक्रार कितीतरी बरी. तक्रार करतो म्हणजे फळी जिवंत आहे, प्रोसेसर जिवंत आहे, कोरलेल्या आज्ञा वाचल्या जात आहेत.

त्याने स्मृतिपट्टी काढली, शाळकरी मुलाचे असते तसले एक पांढरे खोडरबर खिशातून काढले आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून हलकेच फिरवले. खोडरबर काळे झाले. खोबण ब्रशाने झाडली. सोन्याचा तो थर फार पातळ असतो, म्हणून हे रोज करण्यासारखे नाही; पण बारा वर्षांतून एकदा चालते. पट्टी दोन्ही टोकांनी कट् असा आवाज होईतो दाबली. मग फळीवरचे कंडेन्सर बोटाने चाचपले. १९९९ नंतरच्या सात-आठ वर्षांत जगभरच्या फळ्यांवर वाईट द्रव भरलेले कंडेन्सर आले होते. त्यांची डोकी फुगत आणि फुटून तपकिरी चीक बाहेर येई. दादांची फळी नेमकी त्याच काळातली. दोन डोकी किंचित फुगलेली होती, पण फुटली नव्हती. "आजचं काम निघेल," तो म्हणाला. "वर्षभराचं मी सांगत नाही."

बटण दाबले. टुक्.

एकच. मला वाटते तो आवाज मी बारा वर्षांनी ऐकला.

पडद्यावर अक्षरे आली आणि तारीख आली: १ जानेवारी २००२. फळीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणून त्याचे नावच २०३२. पेटी बंद असताना घड्याळ चालवणे आणि डिस्क कोणती, कुठे, एवढे लक्षात ठेवणे हे त्याचे काम. तो उतरला की यंत्र आपल्या जन्मवर्षात परत जाते. नवा सेल घातला, तारीख दुरुस्त केली, डिस्क ओळखून घ्यायला लावली. डिस्क फिरू लागल्याचा बारीक सूर आला. एवढे झाल्यावर पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली आणि सगळे थांबले: नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर.

मी घाबरून त्याच्याकडे पाहिले. त्याने पेटीच्या पुढच्या चिरेतले बटण दाबले, आणि आतून एक काळी फ्लॉपी बाहेर आली. यंत्र तिच्यावर उठण्याच्या आज्ञा शोधत बसले होते. तिच्यावर त्या नव्हत्या. दोष नव्हताच. फ्लॉपीवर चिठ्ठी होती, दादांच्या अक्षरात: 'प्रत. प्रकरण १ ते ४.' तिच्यावर १.४४ मेगाबाइट मावतात, म्हणजे टिफ्रॅकच्या सबंध स्मृतीच्या १४४ पट. म्हणजे दादांनी प्रत काढायला घेतली होती. आम्ही ती फ्लॉपी पुढे वाचायचा प्रयत्न केला. बुरशीने तिचा कारभार आटोपला होता.

फ्लॉपीविना पुन्हा बटण दाबले. विंडोज ९८ चे निळे आकाश वर आले. पेजमेकर उघडला, पाठीमागचे कुलूप जागेवर होते, म्हणून अक्षरांनी हरकत घेतली नाही. पहिले पान आले. ओळी दोन्ही कडांना काटेकोर भिडलेल्या, खिळ्यांत भिडत तशा. लालबागच्या त्या कारागिराने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः चहा सांगायला बाहेर गेला.

पाने दोनशे चौदा निघाली. त्याच संध्याकाळी ती तीन ठिकाणी उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कागदावर छापूनही घेतली. कागदाला सेल लागत नाही, असे दादाच म्हणत. शेवटचे प्रकरण अर्धे आहे. छापखाना बंद झाला त्या दिवशी केसमधले खिळे कोणी आणि कसे भरले, इथे ते थांबले आहे.

पेटी भंगारात गेली नाही. नव्या बिऱ्हाडी पोटमाळा नाही, म्हणून ती टेबलाखाली आहे. रविवारी सकाळी मी तिचे बटण दाबतो, टुक् ऐकतो, थोडा वेळ चालू ठेवतो आणि नीट बंद करतो. गेल्या रविवारी दोनदा दाबावे लागले.